लॅपटॉपला पुन्हा पुन्हा बूट डिव्हाइस सापडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

माझ्या बाबांचा लॅपटॉप २०१३ सालचा आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, आणि बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपलेली, म्हणजे चार्जरची पिन निघाली की त्याच क्षणी बंद. गेल्या पावसाळ्यात तो तीन वेळा सुरू व्हायचा थांबला. काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची, 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे जिच्यावरून विंडोज सुरू करायचं ती डिस्कच सापडत नाही. तिन्ही वेळा बाबा तो घेऊन गावाहून चिपळूणला दुकानात गेले. तिन्ही वेळा फॉरमॅट मारून, नवं विंडोज टाकून मिळालं. दोन-तीन आठवडे बरे जायचे आणि पुन्हा तीच ओळ.

तिसऱ्या वेळी डेस्कटॉपवरचं एक फोल्डर गेलं. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या, वहीत उतरवायच्या आणि मग टाइप करायच्या, हे काम ते कितीतरी वर्षं करत आहेत. सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत. जुनी प्रत एका पेन ड्राइव्हवर होती, पण शेवटच्या चाळीसेक ओव्या त्यात नव्हत्या. गणपतीला घरी गेलो तेव्हा मी लॅपटॉप स्वतः उघडून बसलो. काय सापडलं ते इथे लिहितो, कारण असाच लॅपटॉप अनेक घरांत आहे आणि असंच अनेकांचं फोल्डर जाऊ शकतं.

आधी हे समजून घ्या की फॉरमॅट मारल्यावर लॅपटॉप काही दिवस का चालतो. त्यात दुकानदाराची लबाडी असेलच असं नाही. हार्ड डिस्कवरचा एखादा तुकडा, म्हणजे सेक्टर, वाचता येईनासा झाला की डिस्क त्याला संशयितांच्या यादीत टाकते आणि वाट बघते. त्या जागी पुन्हा काही लिहायची वेळ आली की ती जागा तपासली जाते. तिथे नीट लिहिता आलं तर तुकडा यादीतून सुटतो, नाहीतर त्याच्या बदल्यात राखीव साठ्यातला चांगला तुकडा दिला जातो. विंडोज नव्याने टाकताना नेमकं हेच घडतं. खराब जागांवर लिहिलं जातं, डिस्क त्या बाजूला सारते, आणि मशीन सुरळीत चालू लागतं. मूळ झीज मात्र थांबलेली नसते.

बाबांच्या बाबतीत तर पहिल्या दोन वेळा डिस्कचा दोषही नव्हता. त्याकडे येतोच.

पहिला प्रश्न : पडद्यावर काय दिसतं?

बटण दाबल्यावर कंपनीचं चिन्ह दिसतं का, यावर पुढचं सगळं ठरतं. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो किंवा बीप वाजतात, तर बहुतेक वेळा संशय रॅमवर घ्यावा. चार्जर आणि बॅटरी काढा, चालू करायचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका आणि पट्टी घट्ट बसवा. आमच्याकडच्या दमट हवेत या एवढ्याने उठलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत. तरी काही झालं नाही तर हार्ड डिस्क काढून बघा. क्वचित बिघडलेली डिस्कच पूर्ण मशीन अडवून धरते.

चिन्ह दिसतं आणि मग चूक येते, तर बायोसमध्ये जा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये. डेल, एसर, आसूसमध्ये बहुधा एफ २, एचपीमध्ये आधी एस्केप आणि मग एफ १०, लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये एफ १. चिन्ह दिसायच्या आधीपासूनच ते बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा. आत गेल्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक, हार्ड डिस्कचं नाव तिथे दिसतं का. दोन, तारीख आणि वेळ बरोबर आहे का. दुसरी गोष्ट कुणी बघत नाही, आणि आमच्या घरातला घोळ नेमका तिथेच होता.

तारीख २०१२ सालची

बाबांच्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये तारीख होती १ जानेवारी २०१२. डिस्कचं नाव मात्र व्यवस्थित दिसत होतं. डिस्क जागेवर असताना 'बूट डिव्हाइस नाही' असं का म्हणावं?

बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ सांभाळायला आत एक बटण सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२, ३ व्होल्टचा. त्याला सीमॉस बॅटरी म्हणतात. दहा-बारा वर्षांत तो संपतोच. मुख्य बॅटरी चांगली असेपर्यंत काही जाणवत नाही, कारण तिच्याकडून तेवढा तोळामासा पुरवठा होत राहतो. पण मुख्य बॅटरीही गेलेली, सेलही गेलेला, आणि चार्जर भिंतीतून काढला, की बायोस सगळं विसरतो. काही लॅपटॉपमध्ये फक्त घड्याळ मागे जातं, काहींमध्ये सेटिंग्जही कारखान्यातून निघाली तशी होतात. आमचा दुसऱ्या प्रकारातला.

आता हे बघा. लॅपटॉप मूळचा विंडोज ८ चा, म्हणजे बायोसची मूळ सेटिंग यूईएफआय, ही सुरू होण्याची नवी पद्धत, आणि फक्त प्रमाणित सिस्टम सुरू होऊ देणारं सिक्युअर बूट चालू. दुकानात विंडोज १० टाकताना लेगसी, म्हणजे जुनी पद्धत निवडलेली. ती पद्धत डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर प्रकारची करते. यूईएफआय पद्धतीने सुरू होणारं विंडोज जीपीटी या नव्या मांडणीच्या डिस्कवर असावं लागतं. त्यामुळे बायोस विसरून यूईएफआयवर गेला की त्याला त्या डिस्कवर आपल्या ओळखीचं काहीच दिसत नाही. डिस्क आहे, विंडोज आहे, फाईली आहेत, आणि पडद्यावर मात्र 'नो बूटेबल डिव्हाइस'.

मग दर वेळी दोन-तीन आठवड्यांनीच का? बाबांना विचारलं तेव्हा उलगडलं. विजा कडाडायला लागल्या की कोकणात घरोघरी सगळ्या पिना भिंतीतून काढून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. त्या रात्री लॅपटॉप चार्जरविना राहायचा, सकाळी बायोस कोरा व्हायचा. रोज पिन लावलेली असताना कधीच काही झालं नाही. दुकानात मी असतो तर आधी लेगसी सेटिंग परत लावून बघितली असती, दोन मिनिटांचं काम होतं. दोन्ही वेळा फॉरमॅटची गरज नव्हती.

तुमच्याकडे हेच आहे का, हे ओळखायची आणखी एक खूण आहे. ब्राउझर प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' किंवा 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं सांगू लागतो. तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत. विंडोज इंटरनेट मिळाल्यावर वेळ बरोबर करून टाकतं, त्यामुळे ही खूण पाच-दहा मिनिटांत नाहीशी होते आणि लक्षातून जाते. चार्जर काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी थेट बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. खात्री होईल.

उपाय स्वस्त आहे. नव्या सेलचा दाब मल्टिमीटरवर ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दिसतो. अडीचच्या आसपास असेल तर तो बाद. लॅपटॉपमधला सेल बहुधा काळ्या आवरणात, दोन वायरी आणि छोट्या कनेक्टरसह असतो. तसाच कनेक्टर असलेला तयार सेल मागा. नुसता सेल आणून त्यावर सोल्डर करू नका, उष्णतेने तो फुटू शकतो. सेल बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख, बूट पद्धत आणि साटाची, म्हणजे डिस्क ज्या मार्गाने मदरबोर्डशी जोडलेली असते त्याची पद्धत या तिन्ही गोष्टी नीट लावा आणि त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साटाची पद्धत एएचसीआय होती आणि ती आयडीई किंवा रेड झाली, तर चिन्ह दिसून विंडोजची निळी स्क्रीन येते, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. तिथेही डिस्क निर्दोष असते.

एक सावधगिरी. तुमचा लॅपटॉप २०१६ नंतरचा असेल तर त्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असू शकतो. मग बायोसमध्ये बदल केल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती हाताशी असल्याशिवाय आत काही बदलू नका.

डिस्कची तब्येत

सेल बदलला, सेटिंग लावली, लॅपटॉप सुरू झाला. मला वाटलं संपलं. पण सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागत होती आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के. तिसऱ्या वेळच्या बिघाडात पडद्यावर 'डिस्क रीड एरर' असं आल्याचंही बाबांना आठवलं. म्हणजे तिसरा बिघाड वेगळा होता.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात, आणि त्या हे सॉफ्टवेअर दाखवतं. वरचा निळा, पिवळा किंवा लाल रंग बघून थांबू नका. खालच्या तक्त्यातल्या मूळ आकड्यांकडे जा. ते षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत असतात, फंक्शन मेन्यूमधून दशमान करून घ्या. मी पाच ओळी बघतो.

०५ या ओळीत आजवर बदली दिलेले खराब सेक्टर. आकडा स्थिर असेल तर डिस्क काही काळ निभावेल. आठवड्यागणिक वाढत असेल तर ती जाणार आहे.

सी ५ म्हणजे वर सांगितलेली संशयितांची यादी. लिहिता लिहिता लाईट गेली तरी इथे आकडा येऊ शकतो, कारण अर्धवट लिहिलेला तुकडा वाचता येत नाही. त्यामुळे एकट्या सी ५ वरून डिस्क मोडीत काढू नका. सी ६ मध्ये तपासणीतही दुरुस्त न झालेले तुकडे असतात.

सी ७ ही ओळ वाढत असेल तर डिस्क कदाचित ठणठणीत आहे आणि तिला मदरबोर्डशी जोडणारी चपटी केबल किंवा कनेक्टर खराब आहे. डिस्क बदलायला निघालेल्या माणसाचे पैसे या एका ओळीने वाचू शकतात. कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा, केबल कुठे दुमडली आहे का बघा.

आणि सी ०. दुकानात या ओळीबद्दल कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. चालू असताना अचानक वीज तुटली की डिस्कची वाचणारी टोकं घाईघाईने बाजूला न्यावी लागतात, त्याची ही मोजणी. बाबांच्या डिस्कवर ०५ समोर १३६ होते, सी ५ समोर २४, आणि सी ० समोर नऊशेच्या वर. बॅटरी नसलेल्या लॅपटॉपवर दोन वर्षांत प्रत्येक वेळी लाईट गेली ती या ओळीत नोंदली गेली होती. बटण दाबून धरून जबरदस्तीने बंद केल्यावरही ही मोजणी वाढते, आणि अडकलेला लॅपटॉप बाबा तसाच बंद करायचे.

हे आकडे वाईट दिसले तर त्या क्षणी एकच काम करायचं, डेटा बाहेर काढायचा. बरेच जण आधी चेकडिस्क, हे डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन, चालवतात. निरोगी डिस्कवर ते ठीक आहे. मरणाऱ्या डिस्कवर ते तासन्‌तास खराब जागा खरवडत बसतं आणि सापडलेले अर्धवट तुकडे जोडण्याच्या नादात फाईलींची नोंदही बदलतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर डेटा काढायचीही घाई नको. लॅपटॉप बंद करा. फोटो किंवा हिशेब फार मोलाचे असतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न उघडलेली डिस्क द्या.

आवाज नसेल तर घरी करता येतं. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टमचा पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि 'ट्राय' पद्धतीनेच, म्हणजे डिस्कवर न बसवता चालवा. विंडोज सुरू होत नसलं तरी फाईली दिसतात. विंडोज अर्धवट झोपलेलं असेल तर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो, आपल्याला तेवढंच हवं आहे. आधी सर्वांत महत्त्वाचं फोल्डर, मग बाकीचं. काही फाईली अडत असतील तर डीडीरेस्क्यू हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागांवर नंतर परततं. कुठपर्यंत आलो ते एका नकाशा फाईलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी काम वाया जात नाही. फक्त कुठून आणि कुठे ही दोन नावं आज्ञेत उलटसुलट झाली तर सगळं पुसलं जाईल. एंटर दाबण्याआधी दोन वेळा वाचा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार जिव्हाळ्याने सांगतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर फाईलींबरोबर विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही उचला. त्या फाईलींत खरी अक्षरं इंग्रजी सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असतात, फॉन्ट गेला की पानभर निरर्थक इंग्रजी चिन्हं दिसतात आणि माणसाला वाटतं फाईलच बिघडली. बाबांच्या जुन्या फाईली दुसऱ्या फॉरमॅटनंतर अशाच दिसत होत्या. त्यांनी त्यांतल्या काही पुसून टाकल्या.

सी ड्राइव्ह भरलाय, म्हणून अडतं

काही वेळा डिस्क चांगली असते, जागाच नसते. सी ड्राइव्हवर एक-दोन जीबी उरले की अपडेट अर्ध्यात फसतं, लॅपटॉप दुरुस्तीच्या चक्रात फिरत राहतो. डिस्क क्लीनअपमध्ये 'सिस्टम फाईली साफ करा' हे बटण दाबलं की आधीच्या विंडोजचं फोल्डर आणि जुनी अपडेट्स दिसतात, ती काढा. झोपेची फाईल, म्हणजे हायबरनेशनची, रॅमच्या साधारण ४० टक्के जागा खाते. ते बंद केलं की फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि जुन्या मशीनवर ते मला बरंच वाटतं, कारण मग प्रत्येक वेळी विंडोज खरंखुरं नव्याने सुरू होतं. डाउनलोड्स आणि व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ डी ड्राइव्हवर हलवा. विंडोजच्या स्वतःच्या फाईलींचं विनएसएक्सएस फोल्डर हाताने पुसू नका, कितीही मोठं दिसलं तरी. ३२ जीबीची चिप सोल्डर केलेल्या छोट्या लॅपटॉपवर मात्र हे सगळं करूनही मोठ्या अपडेटला जागा पुरत नाही. तिथे हलकं लिनक्स हाच मला पटणारा मार्ग आहे.

नवी डिस्क

बाबांच्या लॅपटॉपला मी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क बसवली. लॅपटॉप जुना आहे, त्याचा साटा मार्ग सेकंदाला ३ गिगाबिटचाच असेल, मग एसएसडी वाया जाईल का, असं बरेच जण विचारतात. नाही जाणार. फिरत्या डिस्कला प्रत्येक विखुरलेल्या फाईलसाठी टोक हलवून तबकडी फिरायची वाट बघावी लागते, त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाईली वाचतं. एसएसडीत ती वाट बघणंच नाही. सहा-सात मिनिटांवरून आम्ही अर्ध्या मिनिटावर आलो. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड आणि एसएसडी सात, म्हणून ती सैल बसली तर सोबतची प्लॅस्टिकची चौकट चिकटवा, नाहीतर कनेक्टरवर ताण येतो.

खराब डिस्कची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे क्लोन, करू नका. एसएसडीवर नव्याने विंडोज टाका आणि डेटा कॉपी करा. विंडोज १० चा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलल्याने जात नाही. या वेळी मी यूईएफआय पद्धतीनेच टाकलं, म्हणजे उद्या सेल पुन्हा संपला आणि बायोस मूळ पदावर गेला तरी लॅपटॉप सुरू होईल. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणून बँकेची कामं बाबा फोनवर करतात, लॅपटॉप लिहिण्यापुरता.

उरली वीज. नवी बॅटरी मिळत असेल तर तीच घ्या, जुन्या लॅपटॉपला तोच उत्तम यूपीएस आहे. बाबांच्या मॉडेलची चांगली बॅटरी मिळाली नाही. घरात इन्व्हर्टर होता, तरी लाईट गेल्यावर लॅपटॉप बंदच पडायचा. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. तो इकोवर होता, त्यात बदलाला वेळ लागतो आणि चार्जर तेवढा दम धरत नाही. खटका यूपीएसवर केला, मेन स्विच पाडून पाहिला, लॅपटॉप हलला नाही.

एसएसडीच्या स्मार्ट नोंदींत अचानक वीज तुटल्याची अशीच एक मोजणी असते. दिवाळीला गेलो तेव्हा ती बघितली, आकडा गणपतीत होता तेवढाच होता. रोज रात्री ओव्यांच्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर जाते, आणि पेन ड्राइव्ह देवघराच्या खणात असतो. गेलेल्या चाळीस ओव्या वहीत आहेत. बाबा त्या आता युनिकोडमध्ये टाइप करत आहेत, बावीस झाल्या.